शेंदरी वायरीचा देव

मुलुंड (पूर्व),
मंगळवार, भर दुपार, पंखा पाचावर

तीर्थस्वरूप मोठे भाऊजी यांना,

धाकट्या भावजयीचा मुलुंडहून वाकून नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तितकाच वाकून). आम्ही इथे घामासकट खुशाल आहोत. तुम्ही कुडाळात खुशाल असणारच. नसता तर सुंदरावहिनींचे दिवसाला चार फोन आले असते. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावा बरा असेल असं धरून चालते, कारण तेवीस वर्षांत त्याची तक्रार ऐकलेली नाही. माकडांनी यंदा तुमच्यासाठी किती हापूस ठेवले, तेही कळवा.

फोन का केला नाही, असं विचाराल. तर फोनवर तुम्ही "हॅलो" म्हणता, मागे वळून "मृणालचा फोन" असं वहिनींना सांगता आणि फोन त्यांच्या हातात देऊन गोठ्याकडे जाता. मला जे सांगायचंय ते ऐकताना तुम्ही गोठ्याकडे जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. शिवाय पत्रात मोठ्या दिरांवर आवाज चढत नाही. फार तर अक्षर मोठं येतं. तसं कुठे आलं तर चष्म्याचा दोष समजावा.

विषय गाडीचा आहे. विजेवर चालणारी ती पांढरी गाडी मी माझ्या केकच्या कमाईतून घेतली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुमचे धाकटे बंधू मधुकरराव सोसायटीत "आम्ही घेतली" म्हणून सांगतात. तेही खोटं नाही. चावी त्यांनीच घेतली.) कारणही केकच होतं. मे महिन्यात क्रीमचा केक रिक्षातून नेणं म्हणजे तान्हं मूल मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरण्यासारखं आहे. गाडीला एसी असतो, एसीत केक उभा राहतो आणि केक उभा राहिला तर मी उभी राहते, एवढं साधं गणित. दसऱ्याला गाडी दारात आली. पूजेला तुम्ही खास कुडाळहून आलात, कारण आपल्या घराण्यात तुमच्या गाऱ्हाण्याशिवाय चाक फिरत नाही. टेम्पो असो, रिक्षा असो, नाहीतर चुलतभावाची भाताची गिरणी असो, बॉनेट किंवा झाकण उघडायचं, इंजिनाला फूल, कुंकू, अक्षता वाहायच्या, नारळ फोडायचा आणि मग देवाला सगळं सविस्तर सांगायचं, ही पद्धत.

त्या दिवशीचं तुम्हाला आठवत असेलच. (नसेल तर मी आठवण करून देते, काळजी नसावी.) तुम्ही बॉनेट उघडायला लावलंत, आत वाकून पाहिलंत आणि विचारलंत, "इंजिन खंय आसा?" गाडी पोचवायला आलेला मुलगा म्हणाला, यात इंजिनच नसतं. इंजिन नाही तर गाऱ्हाणं घालायचं कोणाला, हा प्रश्न आमच्या इमारतीत त्याआधी कोणालाच पडला नव्हता. मग आत खोलवर, पुढच्या बाजूला, शहाळ्याएवढा एक चंदेरी डबा तुम्हाला दिसला. त्यातून बोटाएवढी जाड वायर निघाली होती आणि तिचा रंग होता चक्क शेंदरी. तुमचा चेहरा उजळला. शेंदूर लागलेलं जे काही असेल ते देवाचं, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. "ह्योच ह्या गाडयेचो देव," असं तुम्ही जाहीर केलंत, आम्ही हात जोडले, "काय वाकडानाकडा आसात ता सरळ कर म्हाराजा" झालं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणालो, नारळ फुटला, पेढे वाटले. तुमच्या बंधूंनी तीन पेढे खाल्ले.

तो देव म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर होता, भाऊजी.

आता एप्रिलवर येते. बोरिवलीला रत्नप्रभाबाई म्हणून आहेत. त्यांचा लग्नाचा हॉल आहे आणि त्या हॉलमध्ये वर्षभर कोणी ना कोणी बोहल्यावर, पाळण्यात किंवा पंचाहत्तरीत असतं. अशी एक बाई हातात आली की केकवालीचा जन्माचा प्रश्न सुटतो. त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाचा दोन मजली केक घेऊन आम्ही निघालो आणि जोगेश्वरीचा जोडरस्ता लागला तोच एसीने थंड हवा देणं बंद केलं. पंखा चालू, हवा गरम, जणू कोणी तोंडाजवळ हात धरून उसासे टाकतंय. पवईपुढे वाहतूक हलेना. मी ऑर्डरच्या वहीने केकला वारा घालत होते आणि तुमचे बंधू माझ्याकडे वळून, थोडा वारा इकडेही, असं सुचवत होते. बोरिवलीला पेटी उघडली तेव्हा वरचा मजला खालच्या मजल्याच्या कानात काहीतरी सांगत होता आणि बाळाचं नाव ओघळून पुठ्ठ्यावर जमा झालं होतं. रत्नप्रभाबाईंनी पुठ्ठा जरा कलता करून पाहिला. मग म्हणाल्या, "केक वाहिला त्याचं काही नाही गं. पण आधी सांगायचंस ना, मी चमच्यांऐवजी पेले काढले असते."

तरी बाई मोठ्या मनाची. मे महिन्यातल्या रविवारी त्यांच्या स्वतःच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. तीन मजली केक सांगितला, वर अट सांगितली: "उभा आला तर हॉलचे सगळे केक तुझे. बसलेला आला तर तूही घरी बस." माझ्या हातात पंधरा दिवस होते आणि बंद पडलेला एक देव होता.

पहिले चार दिवस तुमच्या बंधूंनी खाल्ले. सेवानिवृत्तीनंतर ते मोबाइलवर एका गोऱ्या माणसाचे व्हिडिओ बघतात. तो माणूस स्वतःच्या अंगणात गाड्या उघडतो आणि क्वचित बंदही करतो. त्याच्या सल्ल्याने यांनी गाडीच्या छोट्या बॅटरीची वायर काढली, दहा मिनिटं विश्रांती दिली आणि पुन्हा जोडली. गाडीला विश्रांती एवढी मानवली की ती सगळंच विसरली. घड्याळ गेलं, रेडिओ गेला, आणि पडद्यावरची भाषा कशी कोण जाणे कानडी झाली. पाच दिवस गाडी आम्हाला काहीतरी कळकळीने सांगत होती. बहुधा दार उघडं आहे असं. एसी मात्र आपल्या मतावर ठाम होता.

मग घाटकोपरचा केतन. या केतनचं निदान आयुष्यभर एकच आहे: गॅस. एसी बिघडला तर गॅस कमी, फ्रिज बिघडला तर गॅस कमी, त्याचं स्वतःचं पोट दुखलं तर गॅस जास्त. त्याने गॅसचा दाब दाखवणारी दोन घड्याळं लावली. दोन्हींचे काटे एकाच आकड्यावर, हलायला तयार नाहीत. हे पाहून त्याने "गॅस कमी" असं सांगितलं. मग त्याने बॉनेटमध्ये कॉम्प्रेसरचा पट्टा शोधला. इंजिनच नाही तर पट्टा कुठला? तो न सापडल्यावर त्याने आमच्याकडे असं पाहिलं की जणू पट्टा आम्हीच विकून खाल्ला. शेवटी, थोडं तेलही घालतो, म्हणून बाटली काढली आणि इथे, भाऊजी, तुमच्या बंधूंनी संसारातलं पहिलं शौर्य केलं. या गाडीच्या कॉम्प्रेसरला वेगळं तेल लागतं, जुन्या गाड्यांचं तेल घातलं तर आत वीज नको तिथे पाझरते, हे त्या गोऱ्याने सांगितलं होतं. हे दोन्ही हात पसरून बॉनेटपुढे उभे राहिले. मला क्षणभर लग्नातले दिसले. (सोळा किलो आधीचे.)

त्यानंतर जिथून गाडी घेतली तिथे गेलो. तिथे टाय लावलेल्या एका मुलाने लॅपटॉप जोडला आणि दोनच मिनिटांत सांगितलं की कॉम्प्रेसरच्या सर्किटमध्ये दोष दिसतो, सबब कॉम्प्रेसर बदलावा. किंमत लिहीत नाही. तुमच्या हातून पत्र पडेल आणि गुडघ्यामुळे ते उचलायला वाकवणार नाही. मी विचारलं, सर्किटमध्ये म्हणजे नक्की कुठे? तो म्हणाला, सर्किटमध्येच. शिंका आल्या म्हणून नाक बदलायला सांगणारा हा वैद्य. आणि नवं नाक यायला सहा आठवडे लागणार होते.

रविवारला तीन दिवस उरले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या जयंतीने अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या तेजल साळवेचं नाव दिलं. तेजल तिशीची. वडील जालन्याहून मुंबईत आले आणि इथे बस दुरुस्त करायचे. ही फक्त विजेच्या गाड्या बघते. गॅरेज आपल्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ (आपल्या म्हणजे माझ्या, वहिनींच्या नव्हे). भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पाटी: "नारंगी वायरीला हात लावण्याआधी विचारा. लावल्यानंतर विचारता येणार नाही." शनिवारी सकाळी गेलो. तिने गाडीभोवती पिवळी दोरी बांधली. तुमचे बंधू मोबाइल काढून पुढे सरसावले, तर म्हणाली, "काका, तुम्ही दोरीच्या पलीकडे. तुमचे व्हिडिओ पण पलीकडे."

मग तिने जे केलं ते मी आरतीला उभी राहते तशी उभी राहून पाहिलं. आधी गाडी बंद करून मोठ्या बॅटरीचा खटका उपसून काढला आणि स्वतःच्या खिशात टाकला, सासूने कपाटाची किल्ली कमरेला खोचावी तसा. रबरी हातमोजे घेतले, पुरीसारखे हवेने फुगवले, कुठे भोक नाही हे कानाशी धरून ऐकलं आणि मगच घातले. त्यानंतर दहा मिनिटं नुसती बसली. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, बंद केली तरी आत वीज थोडा वेळ रेंगाळते. पाहुण्यांसारखीच म्हणायची, निघतो निघतो म्हणत चपला घालून दारात अर्धा तास. दहा मिनिटांनी मीटर काढला. तो आधी छोट्या बॅटरीला लावून मीटरच खरं बोलतोय का ते पाहिलं, मग शेंदरी वायरीला लावून शून्य पाहिलं आणि मग पुन्हा छोट्या बॅटरीला लावून मीटर मधल्या वेळात फितूर झाला नाही ना याची खात्री केली. तीनदा, भाऊजी. एवढी शहानिशा माझ्या वडिलांनी तुमच्या भावाचं स्थळ आलं तेव्हा केली असती तर हे पत्र आज दुसऱ्या कोणीतरी लिहिलं असतं.

शेंदरी वायर ठणठणीत निघाली, डबाही. केतनची ती दोन घड्याळं तिनेही लावली आणि सांगितलं, गॅस भरपूर आहे, काटे बरोबरीला थांबलेत कारण कॉम्प्रेसर फिरतच नाही. मोठी वीज त्याच्या दारापर्यंत जाते, पण "चालू हो" हा हुकूम येतो तो बारीक वायरींतून, साध्या बारा व्होल्टांवर. त्या वायरींच्या टोकाला तिने मीटर लावला, बारा दाखवले. तुमचे बंधू दोरीपलीकडून म्हणाले, मग ठीक आहे की. तिने एक छोटासा बल्ब लावला. बल्ब मिणमिणला आणि विझला. मीटरही बारावरून चारावर. "नुसतं विचारलं की बारा आहेत," ती म्हणाली, "काम सांगितलं की चार." (अशी सात माणसं आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहेत. त्यांना बल्ब लावायचा मी ठराव मांडणार आहे.)

मग तिने कॉम्प्रेसरच्या बारीक वायरींची खुंटी, म्हणजे प्लगच म्हणा, ओढून काढली आणि उजेडात धरली. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, आंबट ताक ठेवलेल्या पितळेच्या भांड्यासारख्या. भोवती साखरेसारखा पापुद्रा, पापुद्र्यात एक वारलेली मुंगी आणि मुंगीशेजारी एक तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला.

तेजल दाण्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "काकू, याला काय पाजलंत?"

माझ्या डोळ्यांपुढे दसरा उभा राहिला. नारळाचं पाणी. आणि मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की हे काम माझ्या मोठ्या दिरांचं.

आता भाऊजी, तुमच्याबद्दल आदर कालही होता, उद्याही असेल. आजच्यापुरतं बोलू द्या. तुम्ही तीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होता. पावसात खांबावर चढलेला माणूस, ओल्या हाताने बटणाला हात लावला म्हणून पोरांच्या पाठीत धपाटे घालणारा माणूस, तोच विजेच्या गाडीचं बॉनेट उघडून आत नारळाचं पाणी ओततो? त्या पाण्यात साखर असते, मीठ असतं, ते हळूहळू पितळ खातं, हे मला अंधेरीला जाऊन कळलं. तुम्हाला कुडाळात कळायला हवं होतं. फूल वाहिलंत, ठीक. कुंकू लावलंत, तेही ठीक, देवाला मेकअप चालतो. पण पाणी? तेजल म्हणाली की देवाची कृपा म्हणून पाणी बारीक वायरींवर पडलं, शेंदरी वायरीच्या तोंडाशी गेलं असतं तर गाडीच चालू झाली नसती. हे तुमच्या बंधूंना सांगितल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलंय ते मी आमच्या लग्नातही पाहिलेलं नाही. मोठ्या भावाची चूक हातात यायला माणसाला अठ्ठावन्न वर्षं वाट बघावी लागली. ते शनिवारपासून शीळ घालतायत.

तेजलने खुंटी कापून नवी बसवली, पाणी शिरू नये म्हणून रबराचा गळपट्टा घातला, खटका खिशातून काढून जागेवर लावला आणि लॅपटॉपवरची तक्रार पुसली. डबा हलकेच गुणगुणला. दोन मिनिटांत काचेवर गारवा आला. मी तिला पेढा द्यायला पुढे झाले तर म्हणाली, "मला द्या. गाडीला नको."

रविवारी तीनच्या उन्हात आम्ही तीन मजली केक घेऊन निघालो. एसी शेवटच्या आकड्यावर. मी शाल घेतली होती, तुमच्या बंधूंनी कानटोपी घातली होती आणि मे महिन्यातल्या मुंबईत, पवईच्या सिग्नलला, शेजारच्या रिक्षावाल्याने आमच्याकडे पाहून मीटरऐवजी स्वतःच्या कपाळाला हात लावला. जोगेश्वरीला माझी बोटं बधिर झाली. गोरेगावला यांना शिंका सुरू झाल्या आणि दर शिंकेला मी पेटीवर पालथी पडत होते. बोरिवलीला पेटी उघडली. तिन्ही मजले ताठ, नावं जागेवर, वरचे नवरा-नवरी एकमेकांकडे न बघता उभे, अगदी पन्नास वर्षं झाल्यासारखे. रत्नप्रभाबाईंनी केकला एक फेरी घातली, बोटाने हळूच टोचून पाहिलं. "उभा आहे," म्हणाल्या. मग सुरी घातली तर ती अर्ध्यात अडकली. बाहेरून एवढा गार झाला होता की पन्नास वर्षांच्या नवऱ्याला दोन्ही हात लावावे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हॉलचे केक माझे झाले, भाऊजी. मी तिथेच खुर्चीत बसून पाच मिनिटं रडले आणि शालीला क्रीम पुसलं.

एप्रिलचा केक का पडला, हे बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, तेव्हा मला तुमची हकिकत सांगावी लागली. तुमची गाऱ्हाण्याची नक्कल मी जरा बरी करते. बोरिवलीच्या चाळीस बायका आता तुम्हाला ओळखतात. दोघी तर तुम्हाला बघायला गणपतीत कुडाळला येणार म्हणतायत.

झालं गेलं विसरावं, मनात काही ठेवू नये. गुडघ्याला निर्गुडीचा पाला लावावा, वहिनींना माझा नमस्कार, माकडांना नाही.

तुमची आज्ञाधारक (यापुढे थोडी कमी),
मृणालिनी

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात जयंती खाली आली. पूजेचा व्हिडिओ तिने वरून गॅलरीतून काढला होता, आत्ता सापडला. मी तो पुरावा म्हणून कौतुकाने लावला. त्यात तुम्ही फूल वाहता, कुंकू लावता, नारळ फोडता आणि पाणी, अत्यंत व्यवस्थित, पुढच्या चाकावर सोडता. करवंटीत थोडं उरतं. ती करवंटी तुमच्या हातातून एक बाई घेते. तिच्या हातात दोन पाटल्या आणि लाल पट्ट्याचं घड्याळ आहे. तुमचा आवाज स्पष्ट ऐकू येतो: "अगो, विजेक पाणी लावू नको." आणि बाईचा आवाज त्याहून स्पष्ट: "असू दे हो भाऊजी, देवाला उपाशी ठेवू नये." लाल पट्ट्याचं घड्याळ माझ्याकडे एकच आहे. या क्षणी तेच घालून लिहितेय.

ता. क. दुसरा. पत्र फाडणार होते, पण एवढं लिहिलेलं वाया जातं आणि गुडघ्याचं मी मनापासून विचारलं होतं. आता खरी विनंती. हा दोष तुम्ही तुमच्याकडेच ठेवावा. तुम्ही पाचशे किलोमीटरवर आहात, मी तुमच्या बंधूंपासून दोन फुटांवर. तुम्हाला ते वर्षातून एकदा टोमणा मारतील, मला रोज चहाबरोबर. शिवाय शीळ छान घालतात हो, थांबवावीशी वाटत नाही. जयंतीचं तोंड मी दरमहा एका केकवर बंद केलंय. यांचा फोन आला, काय दादा, पाणी घातलंस ना, असं विचारलं, की तुम्ही एवढंच म्हणायचं: व्हय म्हाराजा.

ता. क. तिसरा. सोबतच्या डब्यात ओल्या खोबऱ्याचा केक आहे, तो लाच समजावा. पत्र वाचून लगेच चुलीत घाला, वहिनींना दाखवू नका. त्यांना मी तुमचा अपराध रविवारी रात्रीच फोनवर सविस्तर सांगितला आहे. हे पत्र पोचेल तोवर चार-पाच दिवस झाले असतील. इतके दिवस त्या तुमच्यापुढे चहाचा कप आपटून का ठेवतायत असं वाटत असेल, तर कारण हे. त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नव्हतं.